निरोपाचा शब्द

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

खाटेवरच्या बाईनं कुशीतल्या लेकीकडं पाहिलं, हसली आणि म्हणाली, "सगुणा."

माझं पेन थांबलं. जन्मनोंदीच्या त्या जाड वहीत ही चौथी सगुणा होती. समुद्रापार, आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका मोठ्या तळ्याच्या काठचा तो लहानसा मिशन दवाखाना. तिथं नेवाशाकडच्या एका आयाबाईचं नाव हरळीसारखं पसरत चाललं होतं.

ही मुलगी पायाळू. तिला मी बाहेर काढलं होतं. निळी पडली होती ती. तिच्या नाकातोंडातला चिकटा मी ओढला, तिच्या एवढ्याशा छातीत वारा मी भरला. सगुणामावशीनं काय केलं होतं? आईच्या उशाशी बसून तिचा हात धरला होता आणि मराठीत गुणगुणत होती:

सुईनीच्या हाताआधी, देवा, तुझा हात लाव
अंधाऱ्या ग वाटंवरी, नव्या पाव्हन्याला दे ठाव

बाळ रडलं तेव्हा आईनं डोळे उघडले आणि आधी मावशीकडं पाहिलं. मी तिच्या पायाशी उभी होते, कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी.

"ग्रेस हेही छान नाव आहे," मी तिच्या भाषेत म्हटलं. "कृपा. देवाची कृपाच झाली ना तुझ्यावर?"

ती बाई भली होती. नर्सचं मन कशाला मोडा म्हणून म्हणाली, लिहा, ग्रेस लिहा. मी लिहिलं, खाली रेघ ओढली. आठव्या दिवशी ती लेकीला पाठीशी बांधून गावाकडं निघाली, तेव्हा फाटकाशी जमलेल्या बायका बाळाच्या तळपायाला हात लावत म्हणत होत्या, सगुणा, सगुणा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वडील चर्चमध्ये पाळक. पहिली लेक झाली तेव्हा त्यांनी हौसेनं नाव ठेवलं सुवार्ता. म्हणायचे, ही चांगली बातमी घेऊन लांब लांब जाईल. मीही तसंच समजून वाढले. नर्सिंगला पहिली आले. वर्षभर परदेशी सेवेला जायचं ठरलं, तेव्हा सहा महिने आधीपासून एका पुस्तिकेवरून आणि कॅसेटवरून तिथली भाषा घोकली. बरोबर दुसरी नर्स येणार होती. तिचं ऐनवेळी लग्न जमलं आणि मिशननं सगुणाबाईंना विचारलं.

सगुणाबाई आमच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. आमच्याकडं दवाखान्यातल्या प्रत्येक आयेला मावशी म्हणतात. त्यात नातं काही नसतं. विधवा बाई, टाचांना भेगा, सहीच्या जागी अंगठा. तिनं एवढंच विचारलं म्हणे, "तिकडं बाया बाळंत होत्यात ना? मंग जाते की." विमानात बसल्यावर मला हळूच म्हणाली, "बाई, ही खिडकी उघडती का? मिसरी थुकायची व्हती." मी मान दुसरीकडं वळवली. मला वाटलं, वर्षभर हे लोढणं सांभाळायचं आहे.

दवाखान्याच्या मागं एक लांबट कौलारू घर होतं. लांबच्या खेड्यांतल्या बायका दिवस भरत आले की तिथं येऊन राहायच्या आणि कळा सुरू होण्याची वाट बघायच्या. मावशीनं पहिल्याच आठवड्यात त्याला नाव दिलं, वाटघर. वाटघराच्या अंगणात आंब्याखाली तीन उखळं होती, उभ्यानं कांडायची, कमरेइतकी उंच. त्यांत मका कांडायचा, पीठ करायचं, पिठाचा घट्ट गोळा शिजवायचा. त्या त्याला न्सिमा म्हणत. मावशी म्हणे, "आपली उकडच की ही. मीठ घालायचं राह्यलंय."

वाटघराची थोरली होती नाफिरी. साठीची, उंच, जरा वाकलेली. तिच्या पाच लेकी तिथं बाळंत झाल्या होत्या. धाकटी तिथंच गेली, आणि मग नाफिरी घरी परतलीच नाही. दुसऱ्यांच्या लेकींना सांभाळत राहिली. ती तपकीर ओढायची, मावशी मिसरी लावायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तिसऱ्या दिवशी दोघी आंब्यामागं बसून डब्या बदलून बघत होत्या आणि शिंका देत होत्या. महिन्याभरात एकाच उखळात दोघींची मुसळं पडू लागली, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मावशी ओवी म्हणायची:

परक्या ग मुलखात, कोन पुसंल कुनाला
मुसळाच्या घावासंगं, बहीन मिळाली मनाला

आणि पोटुशा बायका शेवटचा शब्द झेलून परत करायच्या: मनाला, मनाला. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता.

सकाळची उपासना मी घ्यायचे. रात्री शब्दकोश घेऊन बसायचे, एकेक क्रियापद तपासायचे. बायका माना डोलवायच्या आणि हळूहळू झोपी जायच्या. आमेन झालं की उठायच्या, अंगणात जायच्या, आणि मग उखळापाशी हसण्याचा असा धबधबा सुटायचा की माझ्या हातातलं औषधाचं मोजमाप चुकायचं. देवा, मला नम्र कर, अशी प्रार्थना मी रोज करत होते. ती पुरी व्हायच्या आत कान उखळाकडं गेलेले असायचे.

तिथल्या निरोपाच्या बोलीनं माझी एकदा फजिती झाली होती, ती सांगायला हवी. आपण निघताना "येते" म्हणतो. तिकडं निघणारी बाई राहणाऱ्यांना म्हणते, "त्सालानी ब्विनो." सुखानं राहा. राहणारी निघणारीला म्हणते, "पितानी ब्विनो." सुखानं जा. पहिल्याच आठवड्यात एका बाळंतिणीला मी फाटकापाशी उलटं म्हटलं. "त्सालानी," मी म्हटलं, आणि सगळ्या हसू लागल्या. नाफिरीनं मला बाजूला घेऊन समजावलं: बाई, निघालेल्या माणसाला हा शब्द म्हटला तर तो निरोप होत नाही. त्याचा अर्थ होतो, जाऊ नको, राहा. आता ती बिचारी गाठोडं उतरवून ठेवायची. मी ते वहीत लिहून घेतलं.

मावशीनं कधी काही लिहून घेतलं नाही. फाटकापाशी ती बाळंतिणीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची आणि खास मराठीत बजावायची, "तीन वर्सं तोंड दावू नको मला." बायका तिला "त्सालानी ब्विनो" म्हणत निघून जायच्या. तिला तो फक्त फाटकापाशीचा आवाज म्हणून ठाऊक होता.

अकरावा महिना लागला तेव्हा मिशनचं पत्र आलं. दोघींपैकी एकीला आणखी एक वर्ष ठेवता येईल, दुसरीनं परत यावं. दवाखान्याचा कारभार बघणारे म्वाले साहेब सरळ माणूस. ते मला इंग्रजीत म्हणाले, नर्स मला नवी मिळणार आहे, वाटघर ज्यांचं त्यांनाच विचारू. बायका ठरवतील आणि तुम्ही मला येऊन सांगा. तुम्हाला दोन्ही भाषा येतात.

मला ते वर्ष हवं होतं. पोटात भूक असावी तसं हवं होतं. वाटायचं, मावशी एकदा गेली की अंगण माझं होईल. एक तरी सुवार्ता त्या वहीत उतरेल.

त्या संध्याकाळी मावशी ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसली होती. पत्राचं मी तिला सांगितलं.

"तुलाच ठिवतील," ती म्हणाली. "शिकलेली हायेस. भाषा येती. मी काय, मुकं जनावर."

"तुम्हाला राहायचंय का?"

ती कणसाची साल ओढत राहिली.

"खरं सांगू का बाई? जन्मात मला कुनी राहा म्हनलं न्हाई. माहेरी गेले का भाऊ चौथ्या दिशी इचारायचा, गाडी कितीची हाय. सासरी मालक वारले तवा दीर म्हनला, आता कुठं जायचं ठरिवलंस? पोराच्या घरी जाते तर सूनबाई पिशवी उचलून बघती, किती दिसाची कापडं आनली. वंगाळ न्हाई कुनी. पन राहा म्हनून कुनी म्हनलं न्हाई." मग हसली. "म्हनलं असतं कुनी एकदा, तर राह्यले असते गं. कुठंबी."

मी उठले आणि दिव्यात तेल आहे का ते बघायला गेले. दिवा सकाळीच भरला होता.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली बायका जमल्या. मी उपासनेचा पांढरा पोशाख घातला होता. बोलणं फार झालं नाही. नाफिरी उठली, माझ्यासमोरून गेली. जाताना मला आदरानं किंचित वाकली, आणि मावशीसमोर जाऊन तिनं दोन्ही गुडघे टेकले. तिकडं काही मागायचं असलं की बायका गुडघे टेकतात. पण थोरलीनं टेकलेले मी कधी पाहिले नव्हते. तिच्या मागं सगळ्या बायका, नवव्या महिन्याची पोटं सावरत, एकेक करून मातीत गुडघ्यावर आल्या.

नाफिरी हळूहळू, एकेक शब्द ठेवत बोलली. म्हणाली, माझी लेक गेली तेव्हा तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. तू ज्यांच्याजवळ बसलीस त्या कुणी भ्याल्या नाहीत. तुझं घर लांब आहे हे आम्हाला कळतं. तरी मागते. त्सालानी. आमच्यात राहा. मरेपर्यंत राहिलीस तरी आमच्या तळ्याला पाणी कमी पडणार नाही.

मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "तिला सांग."

मावशीचं तोंड माझ्याकडं वळलेलं. डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ते कशासाठी हे तिला ठाऊक नव्हतं. "काय म्हनती गं ती? त्सालानी, त्सालानी करती. फाटकापाशी म्हनत्यात त्येच ना? म्हंजी काय?"

एवढ्याशा वेळात माणूस किती विचार करतं. मी बघितलं, मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं.

"निरोपाचा शब्द आहे तो, मावशी," मी म्हटलं. "जाताना म्हणतात."

तिच्या चेहऱ्यावर काही मोडलं नाही. तिनं फक्त मान हलवली. "म्हनलंच व्हतं मी," ती म्हणाली. "आन् बाकीचं? इतकं बोलली ती."

"तुमचे उपकार मानते आहे. लेकीची आठवण काढते आहे."

मावशीनं डोळे पुसले. पुढं वाकून नाफिरीचे दोन्ही हात धरले, तिला उठवायला बघितलं. आणि आपल्यालाही तिच्या भाषेतलं काहीतरी तिला द्यावं, म्हणून तिनं तोच शब्द तिला परत केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोलीत बोलली, अगदी नीट, एक अक्षर न चुकता:

"त्सालानी ब्विनो, नाफिरी."

तुम्ही सुखानं राहा. मी जाते.

नाफिरीचे हात तिच्या हातांतून सुटले. ती गुडघ्यांवरच होती. मागच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि एकेक करून उठू लागल्या. मातीत गुडघ्यांचे जोड जोड खळगे राहिले.

म्वाले साहेबांना मी सांगितलं, मावशींना घरची ओढ लागली आहे. ते म्हणाले, साहजिक आहे.

मावशी गेली त्या दिवशी ट्रक उभा राहीपर्यंत ती कांडत होती. तिच्या आईची एक जुनी ओवी होती, ती तिनं वर्षभर इतकी म्हटली होती की बायकांना तोंडपाठ झाली होती. ती म्हणाली आणि मुसळ आंब्याला टेकवून ठेवलं. फाटकापाशी माझ्या गालावरून हात फिरवला. "त्यांना जप गं. आन् तू बी खात जा येळंवर." ट्रक वळला. धुळीत फाटकाच्या आतून नाफिरीचा आवाज आला, "पितानी ब्विनो." फार उशिरा आला तो. ट्रकपर्यंत पोचला नसावा.

अंगण माझं झालं.

बायका माझ्याशी चांगल्याच वागत होत्या. मला वाईट वागवलं असतं तर बरं झालं असतं. मी उपासना घ्यायचे, त्या माना डोलवायच्या. नवी नर्स आली, ती हुशार होती. मुली जन्मत होत्या आणि त्यांची नावं मेरी, एस्थर, ग्रेस अशी ठेवली जात होती. सगुणा आता कुणी ठेवत नव्हतं. वहीत मी बघायचे. ज्याची मला इतकी जळजळ होती ते नाव पानांवरून गेलं होतं, आणि मला बरं वाटत नव्हतं.

पण ओवी गेली नव्हती. कांडताना त्या मावशीचीच ओवी म्हणायच्या, अर्थ न कळता, उच्चार जरा वाकडे करून. सकाळ-संध्याकाळ, मी इंजेक्शनच्या सुया उकळत असताना, मी चार घास खात असताना, खिडकीतून यायची:

वाऱ्याच्या ग पदराला, निरोप बांधिला बाई
वारा ग बोलका मोठा, माझंच बोलला न्हाई

बोलला न्हाई, बोलला न्हाई. मुसळ वर, मुसळ खाली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असायचं. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरायचं. मनात पाप लपवून ती भाकर घेऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मावशी गेल्यावरच्या पहिल्या महिन्यात ताट माझ्यापुढं आलं आणि माझा हात मांडीवरून उठेना. मी ताट पुढं सरकवलं. दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्या महिन्यात माझ्या शेजारी नाफिरी बसली होती.

दुपारी ती ओट्यावर आली. तिनं तपकिरीची डबी काढली, पण ओढली नाही.

"ती गाते ना," ती म्हणाली. मावशीबद्दल ती अजून असंच बोलायची, गाते, हसते. "त्या गाण्याचा अर्थ काय? आम्ही म्हणतो आणि आम्हाला माहीत नाही. तुला दोन्ही भाषा येतात."

मी सांगायला लागले. एक बाई आहे, मी म्हटलं. तिनं वाऱ्याजवळ निरोप दिला. वारा मोठा बोलका. सगळ्यांचं सगळं बोलला... आणि माझी क्रियापदं संपली.

नाफिरीनं डबी बाजूला ठेवली.

मग मी तिला सांगितलं. मोडक्यातोडक्या शब्दांत, काळ चुकवत, जमिनीकडं बघत. तू राहा म्हणालीस. मी तिला सांगितलं की हा निरोपाचा शब्द आहे. मला तिचा हेवा वाटत होता. हेव्याला नाफिरीच्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी छातीवर मूठ ठेवून ती आवळून दाखवली. तिला कळलं.

ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे तिनं मला त्सालानी ब्विनो म्हटलं, तेव्हा ती नाही म्हणत नव्हती?"

"नाही. तिला वाटलं तू निरोप देतेस. तिनं तुझा शब्द तुला परत दिला."

नाफिरीनं अंगावरचं कापड तोंडावर ओढलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती कोण जाणे. तीन महिने ती सगळ्यांदेखत गुडघ्यावर नाकारली गेलेली बाई म्हणून उखळापाशी उभी राहत होती, हे मला तेव्हा कळलं.

कापड बाजूला झालं तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. मी म्हटलं, म्वाले साहेबांना सांगते, मावशीला परत बोलावू. सांगितलंही त्या दिवशीच. साहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. म्हणाले, जागा एकच होती, सिस्टर, तिच्यावर तुम्ही आहात.

नाफिरीला येऊन ते सांगितलं. ती म्हणाली, "मग तू पोचव. तो शब्द मी तुझ्या हाती दिला होता, तो अजून तुझ्याच हातात आहे. म्हणून तुला भाकर घेता येत नाही. तुझी मूठ रिकामी नाही." आणि मावशीचं मुसळ आंब्याजवळून उचलून तिनं माझ्यापुढं धरलं. "तोवर कांड."

मी कांडलं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. ओवी मी म्हणत नसे. पत्र लिहायचं तीनदा ठरवलं. मावशीला वाचता येत नव्हतं, सून वाचून दाखवणार, तिच्या तोंडून ते नको वाटलं. खरं तर हिंमत झाली नाही.

परत आले ती जानेवारीत. घरी बॅग टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नेवाशाकडं निघाले. मावशी मुलाच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. दारापुढं चूल, चुलीवर तवा. मला बघून उठली, पाणी दिलं, माझे हात हातात घेतले आणि तळव्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "घट्टे पडले की गं. तुला कांडायला लावलं व्हय त्यांनी?"

मी सगळं सांगितलं. त्सालानी म्हणजे राहा. निघणारीनं राहणाऱ्यांना म्हटलं की तो निरोप होतो, आणि राहणारीनं निघणारीला म्हटलं की त्याचा एकच अर्थ उरतो, जाऊ नको. नाफिरी तुम्हाला राहा म्हणत होती. तळ्याचं पाणी, तिची लेक, सगळं सांगितलं, जसं तिनं म्हटलं होतं तसं, एक शब्द न गाळता. वर्षभर पाठ करत होते.

मावशी काटवटीत पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"राहा म्हनली?"

"हो."

"गुडघ्यावर बसली, ती त्येच्यासाठी?"

"हो."

"समद्या बसल्या, त्या?"

"त्याच्यासाठीच."

हात थांबले. "आन् मी तिला काय म्हनले?"

मी तिच्या पिठातल्या हातांकडं पाहिलं.

"म्हंजी मी न्हाई म्हनले तिला," मावशी म्हणाली. "गुडघ्यावर व्हती गं ती. म्हातारी बाई. आन् मी तिचे हात धरून न्हाई म्हनले."

"तिला आता कळलंय, मावशी. मी सांगितलं तिला."

"कवा?"

"तीन महिन्यांनी."

"तीन म्हयने," ती म्हणाली. तिनं पिठाचा गोळा उचलला, तळहातावर घेतला, पुन्हा खाली ठेवला. माझ्याकडं ती बघत नव्हती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. का केलंस, असंही विचारलं नाही. घरातून सुनेनं आवाज दिला, कोण आलंय, जेवायचं आहे का त्यांना. मावशीनं चुलीत लाकूड सारलं. धूर झाला. तिनं डोळे पुसले ते धुरानं की कशानं हे विचारायचा हक्क मला नव्हता.

पोचवायचं ते पोचवून झालं होतं. मी उठले. उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या. परतीची एसटी दीडची होती. पाठमोऱ्या मावशीला मी म्हटलं, "येते, मावशी."

ती भाकरी थापत होती. थपथप थपथप. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मी दोन पावलं चालले.

"त्सालानी," ती म्हणाली.

मी थांबले. ती वळली नव्हती. मला वाटलं, म्हातारी चुकली. शब्द तेवढा लक्षात राहिला, कोण कधी म्हणतं ते विसरली. आताच तर सांगितलं होतं मी तिला. राहणारी म्हणते पितानी. निघालेल्या माणसाला त्सालानी म्हटलं, तर तो निरोप होत नाही.

"ऐकू आलं न्हाई का?" मावशी म्हणाली. "आता ह्येचाबी अर्थ मीच सांगू?"

मी चपला काढल्या. चुलीजवळ येऊन मातीत बसले. तिनं तव्यावरची भाकर उलटली, निखाऱ्यावर शेकली, फुगली तशी दोन बोटांनी उचलून मधोमध मोडली, आणि अर्धी माझ्यासमोर धरली.

मी दोन्ही हात पुढं केले.